खांदा देणाऱ्यांचे संघ

धारावी बेटावरच्या उत्तन, चौक, पाली, डोंगरी या गावांत चर्चची घंटा संथपणे एकेक ठोका देऊ लागली की अंगणात जाळे शिवणारा हात थांबतो. कोण गेले, हे कळायला वेळ लागत नाही. जुन्या पिढीच्या आठवणीत त्यापुढची कामे न सांगता वाटली जात. एकाने धर्मगुरूंकडे निरोप न्यायचा, दोघांनी सुताराकडे जायचे, चौघांनी कुदळ-फावडी घेऊन दफनभूमीची वाट धरायची. घरात बायका रोझरी धरून बसलेल्या असायच्या. कबर खणणाऱ्याला पैसे देण्याची गोष्ट काढणे म्हणजे त्याचा अपमान करणे होते. आज त्याने आपल्या बापाची कबर खणली, उद्या आपण त्याच्या बापाची खणणार, एवढाच तो हिशेब.

त्याच घंटेचा आवाज मीरा रोडच्या उंच इमारतींपर्यंत पोचला, तरी कोण गेले हे तो सांगू शकत नाही. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या १,७५,६०५ होती. २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली. वीस वर्षांत साडेचारपटीहून अधिक माणसे या खाडीकाठी येऊन राहिली. त्यांत मंगळूरचे, गोव्याचे, केरळचे, तमिळनाडूचे आणि मुंबईच्या जुन्या चाळींतून बाहेर पडलेले कॅथलिकही होते. चौदाव्या मजल्यावर एखादे वडीलधारे माणूस मध्यरात्री डोळे मिटते. शेजारी भला असतो, पण त्याला दफनविधीची माहिती नसते. मुलगा आखाती देशात, मुलगी कॅनडात. लिफ्टमध्ये शवपेटी आडवी मावत नाही. अशा वेळी कोणीतरी एक दूरध्वनी क्रमांक देतो आणि तासाभरात एक अनोळखी गृहस्थ दारात उभा राहतो. डॉक्टरांचा दाखला, शवपेटी, गाडी, फुले, दफनभूमीची परवानगी हे सारे तो पाहतो. त्याला आपण ‘अंडरटेकर’ म्हणतो. मराठीत त्याला शब्द नाही, कारण आपल्या गावांना तो कधी लागलाच नव्हता.

हा गृहस्थ आपला कोण? केवळ दुकानदार, की जुन्या खांदेकऱ्यांचा वारस? जगात अनेक ठिकाणी या व्यवसायातील लोकांनी आणि दफनभूमींच्या व्यवस्थापकांनी आपापले संघ स्थापन केले आहेत. त्या संघांचा उगम शोधू गेल्यास वाट दुकानाकडे न जाता चर्चच्या दाराशी येऊन थांबते, आणि मधल्या काळात ती बरीच भरकटलेलीही दिसते.

आरंभ बायबलपासूनच करावा लागतो. अब्राहामाने वचनदत्त देशात विकत घेतलेली पहिली जमीन शेताची वा घराची नव्हती. सारेला पुरण्यासाठी त्याने मखपेलाची गुहा चारशे शेकेल रुपे मोजून घेतली, तीही फुकट मिळत असताना, रीतसर साक्षीदारांसमोर. परदेशात बंदिवासात असलेला तोबीत रस्त्यावर टाकलेली आपल्या बांधवांची प्रेते चोरून पुरत असे आणि त्यापायी त्याची मालमत्ता जप्त झाली. अरिमथाईकर योसेफाने प्रभूसाठी स्वतःची कबर दिली. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील एक तपशील आपण वाचून सहज पुढे जातो: यहूदाने परत टाकलेल्या तीस रुप्यांचे याजकांनी कुंभाराचे शेत घेतले, ते परक्यांना पुरण्यासाठी. प्रभूच्या रक्ताच्या मोलातून झालेली ती पहिली खरेदी म्हणजे परक्यांची दफनभूमी. मीरा-भाईंदरसारख्या, निम्म्याहून अधिक परक्यांनी वसवलेल्या शहरात हा तपशील विसरून चालणार नाही.

अंत्यविधीसाठी संघ काढण्याची कल्पना मात्र ख्रिस्ती नाही. रोमन साम्राज्यात गरीब माणसे आणि गुलाम वर्गणी काढून दफन-मंडळ्या चालवीत. रोमजवळच्या लानुवियुम गावात अशा एका मंडळीचे नियम दगडावर कोरलेले सापडले, ते इ.स. १३६ चे आहेत. प्रवेशाला शंभर सेस्टर्स आणि चांगल्या द्राक्षारसाची एक सुरई, नंतर दरमहा पाच अस. सभासद वारला की मंडळी त्याच्या अंत्यविधीला तीनशे सेस्टर्स देणार. एक नियम वाचून मन थबकते. गुलाम सभासद मेला आणि धन्याने दुष्टपणे त्याचे प्रेत दिले नाही, तर त्याच्या प्रतिमेचा अंत्यविधी करावा. ज्या कोळी कुटुंबांनी तुफानात माणूस गमावला आणि ज्यांच्या हाती काहीच परत आले नाही, त्यांना या नियमामागचे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

ख्रिस्ती लोकांनी ही कल्पना उचलली आणि तिच्यातून वर्गणीची अट काढून टाकली. येथेच खरा फरक पडला. तिसऱ्या शतकाच्या मध्यास अलेक्झांड्रियात साथ पसरली, तेव्हा ख्रिस्ती लोक आजाऱ्यांजवळ थांबले आणि मृतांना धुऊन, गुंडाळून, पुरून स्वतःही मेले, असे तेथील बिशप दियोनिसियुस यांनी लिहून ठेवले आहे. पुढे ३६२ मध्ये ख्रिस्ती धर्माचा कडवा विरोधक असलेल्या सम्राट जुलियनलाही आपल्या एका पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात कबूल करावे लागले, की परक्यांचे आतिथ्य आणि मृतांच्या दफनाची काळजी यांमुळेच हा पंथ वाढला आहे. शत्रूच्या तोंडची साक्ष म्हणून तिचे मोल अधिक.

या सेवेचे मानकरी होते ‘फोसोर’, म्हणजे खणणारे. रोमच्या भूमीखालचे मैलोगणती बोगदे, ज्यांना आपण कॅटकोम म्हणतो, ते त्यांच्या हातच्या कुदळींनी कोरले. इ.स. १९९ च्या सुमारास पोप झेफिरिनस यांनी आपिया मार्गावरील दफनभूमीची देखरेख कालिस्तुस नावाच्या डीकनकडे सोपवली. हा कालिस्तुस पूर्वाश्रमीचा गुलाम होता आणि खाणीत सक्तमजुरी करून आलेला होता. पुढे तोच पोप झाला आणि संत झाला. दफनभूमीत काम करणारे लोक आजही त्याला आपला आश्रयदाता संत मानतात. ज्यांच्या नावाचे चर्च आपल्या काशीमिऱ्यात आहे ते संत जेरोम रोममध्ये शिकत असताना रविवारी मित्रांबरोबर या बोगद्यांत उतरत असत. दोन्ही बाजूंच्या भिंतींत मृत, आणि मधूनच एखाद्या झरोक्यातून येणारा उजेड, असे त्याचे वर्णन त्यांनी म्हातारपणी केले आहे.

फोसोरांचा मान किती होता, याचा एक लेखी पुरावा उत्तर आफ्रिकेतला आहे. १९ मे ३०३ रोजी सिर्ता शहरात, छळाच्या दिवसांत, सरकारी अधिकारी चर्चची झडती घेण्यास आला. त्याच्या कारकुनाने तेथे हजर असलेल्यांची यादी केली: बिशप, धर्मगुरू, डीकन, उपडीकन आणि त्यांच्या पाठोपाठ नावानिशी फोसोर. कबर खणणारा माणूस त्या काळी चर्चच्या सेवकवर्गात मोजला जात होता.

पण मान मिळाला की मोहही येतो. चौथ्या शतकात छळ संपला, हुतात्म्यांच्या कबरींजवळ जागा मिळावी म्हणून श्रीमंतांची रीघ लागली आणि फोसोर जागा विकू लागले. किती जागा, कोणाकडून, कोणासमोर घेतली, हे सांगणारे लेख कबरींवरच कोरलेले आहेत. दयेचे काम शंभर-सव्वाशे वर्षांत बाजार झाले. पाचव्या शतकात फोसोरांचा वर्ग नाहीसा होतो आणि दफनभूमींचा कारभार धर्मगुरूंच्या हाती जातो. पूर्वेकडे कॉन्स्टँटिनोपल शहरात यावर निराळा उपाय केला गेला. तेथील अकराशे दुकानांना सरकारी करातून सूट देऊन त्यांचे उत्पन्न मुख्य चर्चच्या अंत्यविधी-सेवेला जोडलेले होते. सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात कायदा करून ही व्यवस्था पक्की केली आणि साध्या अंत्यविधीला कोणाकडूनही पैसे घेऊ नयेत असे बजावले. तिरडी आणि स्तोत्रे गाणाऱ्या भगिनी चर्चने पुरवायच्या. श्रीमंताला थाटमाट हवा असेल तर त्याने जादा पैसे मोजावेत, त्याचेही दर ठरलेले. इतकी शहाणी व्यवस्था पुढे फार ठिकाणी झाली नाही.

भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी अशी दयेची सहा कृत्ये मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहेत. मृताला मूठमाती देणे हे सातवे कृत्य मध्ययुगात तोबीताच्या ग्रंथावरून त्यांत जोडले गेले, आणि या सातव्या कृत्यासाठी सामान्य प्रापंचिकांची भ्रातृमंडळे उभी राहिली. फ्लोरेन्सच्या मिजेरिकोर्दियाची स्थापना परंपरेने १२४४ ची मानतात. आपल्याशी संबंध येतो तो लिस्बनच्या मिजेरिकोर्दियाचा. राणी लिओनोर हिने १५ ऑगस्ट १४९८ रोजी तिची स्थापना केली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वास्को द गामा कालिकतला पोचला होता. आरंभीच्या नियमांत शंभर बंधू होते, निम्मे उच्चकुलीन आणि निम्मे कारागीर. गरिबांचे अंत्यविधी, कैद्यांना अन्न, फाशी जाणाऱ्याला अखेरपर्यंत सोबत आणि त्याच्या अस्थींना पुरणे ही त्यांची कामे. सरदाराने आणि चांभाराने एकाच तिरडीला खांदा द्यावा, हा त्यामागचा भाव. तरीही तेथेही माणसे होतीच. तिरडी बाळगण्याचा हक्क आपल्यालाच, असा दावा मिजेरिकोर्दियाने केला आणि त्यावरून इतर भ्रातृमंडळांशी तिचे वर्षानुवर्षे तंटे झाले.

पोर्तुगीज जेथे गेले तेथे हे दयेचे घर गेले. सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत ते गोव्यात होते. १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे आल्यावर वसईच्या कोटातही मिजेरिकोर्दिया उभी राहिली. वसईच्या किल्ल्यात फिरताना चर्चच्या फरशीतील थडग्यांच्या कोरीव शिळा आपण पाहतो, त्यांवरची सरदारांची चिन्हे वाचण्याचा प्रयत्न करतो; मिजेरिकोर्दियाने पुरलेल्यांच्या मात्र शिळा नाहीत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्यापुढे वसई पडली, पोर्तुगीज निघून गेले आणि मोठ्या घरांचा दिवा विझला. खेड्यांतले ख्रिस्ती राहिले. त्यांच्याजवळ घंटा होती, दफनभूमी होती आणि कोन्फ्रारिया होती.

कोन्फ्रारिया म्हणजे धर्मग्रामातील भ्रातृमंडळ. हाती मेणबत्त्या, अंगावर झगा, पुढे क्रूस अशी त्यांची रांग शवपेटीपुढे चालत असे. सभासदासाठी मिस्सा अर्पण करणे, विधवेच्या घरी चौकशी करणे, कमी पडले तर पेटीतून खर्च भागवणे ही त्यांची कर्तव्ये. शहरात आल्यावर गोव्याच्या लोकांनी हाच धागा पुढे नेला. मुंबईच्या धोबीतलावात त्यांनी गावागावांचे ‘कूड’ काढले. बोटीवर काम करणारा खलाशी तेथे ट्रंक ठेवी, पाठ टेके आणि मेला तर गाववाले त्याला पोचवीत. आपल्या ईस्ट इंडियन समाजाचा संघ, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन, १८८७ मध्ये स्थापन झाला. त्याचे उद्दिष्ट व्यापक होते. पण परक्या शहरात आपला माणूस एकटा पडू नये, ही ओढ त्याच जातीची.

योगायोग असा की त्याच १८८७ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात दफनभूमींच्या अधीक्षकांनी आपला संघ काढला. त्याआधी पाच वर्षे, १८८२ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे अंडरटेकरांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला होता. आधीच्या पिढीत हे लोक सुतार किंवा घोडागाड्यांचे मालक होते. शवपेट्या करता करता, गाडी भाड्याने देता देता संपूर्ण विधीचे व्यवस्थापक झाले. संघाने त्यांना शिक्षण दिले, देह टिकवण्याची विद्या शिकवली, प्रतिष्ठा दिली. धंद्याचे संरक्षणही केले, आणि हळूहळू ते संरक्षणच मुख्य झाले. दुःखात बुडालेला माणूस भाव करीत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. १९६३ मध्ये जेसिका मिटफर्ड या लेखिकेने अमेरिकी अंत्यविधी-व्यवसायावर सडकून टीका करणारे पुस्तक लिहिले आणि देशभर खळबळ उडाली. अखेर १९८४ मध्ये तेथील सरकारी व्यापार आयोगाचा नियम अमलात आला: प्रत्येक वस्तूचा व सेवेचा दर वेगळा लिहून द्यावा आणि नको असलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नये. जस्टिनियनने चौदाशे वर्षांपूर्वी जवळजवळ हेच सांगितले होते. दरम्यान १९४९ मध्ये अमेरिकेतील कॅथलिक दफनभूमींच्या संचालकांनी आपली स्वतंत्र परिषद काढली, कारण दफनभूमी ही पवित्र भूमी आहे, तिचा हिशेब केवळ नफातोट्यात मांडता येत नाही, हे त्यांना जपायचे होते.

आपल्याकडे चर्चचा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९८३ च्या धर्मसंहितेचे ११८१ वे कलम सांगते की अंत्यविधीत माणसामाणसांत भेद करू नये आणि गरीब योग्य अंत्यविधीपासून वंचित राहू नये. दहनाची पूर्वीची बंदी १९६३ मध्ये उठली. दफनाची शिफारस कायम राहिली. २०१६ च्या सूचनेनुसार रक्षा विखरू नये, पवित्र जागी ठेवावी. मराठी ख्रिस्ती समाजाला दहन अगदीच अपरिचित नाही. आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांतील कवी रेव्हरंड टिळक यांचे १९१९ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांच्याच इच्छेने त्यांचे दहन झाले होते. तरी आपल्या बहुसंख्य घरांत अजून दफनच हवे असते, आणि जमीन तर वाढत नाही. एकच कबर ठरावीक मुदतीनंतर पुन्हा उघडावी लागते. पॉलिश केलेली जाड लाकडी पेटी आणि कृत्रिम धाग्याचे कपडे यांमुळे देह मातीत मिसळायला विलंब होतो, आणि कबर उघडणाऱ्याला जे पाहावे लागते ते येथे लिहिण्यासारखे नाही. शेजारच्या वसई धर्मप्रांतातील काही धर्मग्रामांनी पेटी टाळून पांढऱ्या वस्त्रात दफन करण्याची रीत स्वीकारली. प्रभूचे दफनही तसेच झाले होते. यात अंडरटेकराचे नुकसान आहे, हे मान्य करावे लागेल. त्याने पेटीच्या नफ्यावर जगायचे की सेवेच्या मोबदल्यावर, हा प्रश्न संघानेच सोडवायला हवा.

मृताला जागा मिळणे किती नाजूक गोष्ट आहे, ते महामारीने दाखवले. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने साथीत मेलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहन करावे असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी ते बदलले. वांद्रे येथील दफनांविरुद्ध काही रहिवासी उच्च न्यायालयात गेले. २२ मे २०२० च्या निकालात न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली आणि सन्मानाने अंत्यविधी होणे हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचाच भाग असल्याचे सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगढमधील बस्तर भागात एका ख्रिस्ती पाळकाचा देह जवळजवळ तीन आठवडे शवागारात पडून राहिला, कारण गावात पुरू देण्यास विरोध होता. सर्वोच्च न्यायालयातील दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि दफन शेवटी गावाबाहेर, वीस किलोमीटरहून दूर असलेल्या ख्रिस्ती दफनभूमीत करावे लागले. अशा वेळी एकट्या कुटुंबाने काय करावे? कायदा जाणणारा, कागद तयार ठेवणारा, पोलीस आणि पालिका यांच्याशी बोलणारा एखादा संघ पाठीशी असणे ही चैन नव्हे.

मीरा-भाईंदर २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. मृतांच्या विल्हेवाटीसाठी जागा पुरवणे हे महानगरपालिकेच्या कायद्याने तिचे बंधनकारक कर्तव्य आहे. १९६९ चा जन्ममृत्यू नोंदणी कायदा दफनभूमीच्या रखवालदाराची दखल घेतो. मृत्यूची खबर देण्याची जबाबदारी त्याच्यावरही आहे. म्हणजे सरकारच्या कागदात तरी हा माणूस आहे. उत्तनचे समुद्रमातेचे चर्च, डोंगरीचे बेथलेहेम माउलीचे, भाईंदरचे नाझरेथ माउलीचे, काशीमिऱ्याचे संत जेरोमचे, मीरा रोडचे संत योसेफाचे: या सर्व धर्मग्रामांचे दफनसेवक, गाडीवाले, पेटी करणारे आणि छोट्या ख्रिस्ती समूहांचे कार्यकर्ते एका टेबलाभोवती बसले, तर पहिल्याच बैठकीत विषय कमी पडणार नाहीत. दरपत्रक मराठीत आणि इंग्रजीत चर्चच्या फलकावर लावावे. ज्याचे कोणी नाही, किंवा ज्याचे नाव कोणत्याच धर्मग्रामाच्या वहीत नाही, त्याला कोठे पुरायचे ते आधीच ठरवावे. पावसाळ्यात कबरीत पाणी भरते, तेव्हा खणणाऱ्याला बूट, हातमोजे आणि धनुर्वाताची लस कोणी द्यायची, तेही बोलावे लागेल. परदेशातून मुले येईपर्यंत देह ठेवायचा असेल तर शीतपेटी रात्री कोठून आणायची, हा प्रश्न तर आता दर आठवड्याचा.

दोन नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, आपण कबरींवर फुले वाहतो आणि मेणबत्त्या लावतो. आदल्या आठवड्यात गवत कापून, माती सारखी करून, क्रूस धुऊन ठेवणारा माणूस त्या संध्याकाळी बहुधा फाटकाशी उभा असतो. दफनवहीत मृताचे नाव असते, वय, आजार, तारीख आणि विधी करणाऱ्या धर्मगुरूंची सही असते. कबर कोणी खणली, याला रकाना नसतो. सिर्ताच्या त्या सरकारी कारकुनाने, छळाच्या दिवसांत, शत्रूच्या यादीत का होईना, जानुआरियुस, फ्रुक्तुओसुस आणि त्यांच्या सोबत्यांची नावे लिहून घेतली होती. पुढच्या खेपेस वही छापून घेताना एक रकाना वाढवायला फारसा खर्च येणार नाही.